सांगली लागत नाही म्हणून गच्चीवर एरियल चढवण्याआधी

प्रश्न असा आहे. नंदगडजवळच्या एका गावात विचारणाऱ्यांचे वडील राहतात. पहाटे उठल्याबरोबर सांगली आकाशवाणी लावायची ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. दोन वर्षांपूर्वी कौलं काढून घरावर स्लॅब टाकला, एलईडी दिवे आले, इन्व्हर्टर आला, आणि तेव्हापासून रेडिओवर नुसती खरखर. मुलाने पुण्याहून नवा चार्जिंगचा सेट आणून दिला, त्यावर तर सांगली अजिबात लागत नाही. जुना सेट शेतातल्या खोपीत नेला की मात्र स्टेशन बऱ्यापैकी ऐकू येतं. तर गच्चीवर मोठी एरियल बसवावी का, आणि बसवायची तर कोणती?

एवढ्यात गच्चीवर चढू नका. शेतात लागतं, यातच निम्मं उत्तर आलं. याचा अर्थ सांगलीची लहर तुमच्या गावापर्यंत पोचते आहे आणि जुना सेटही धड आहे. बिघाड घरात आहे. मी बेळगावात आणि खानापूर तालुक्यात तीस वर्षांहून जास्त काळ रेडिओ दुरुस्त करतोय. पूर्वी लोक सेट घेऊन यायचे तेव्हा खरोखरच काहीतरी जळालेलं, तुटलेलं असायचं. आता दहातले सात-आठ सेट माझ्या टेबलावर छान बोलतात आणि घरी गेले की पुन्हा खरखरतात. अशा घरात एरियल मोठी केली की खरखरही त्याच मापाने मोठी होते. म्हणून आधी घर शांत करायचं, मग सेट नीट ठेवायचा, आणि एवढं करून उणं राहिलं तरच तारेचा विचार करायचा. हा क्रम मोडू नका, पैसे वाया जातात.

सुरुवात मेन स्विचपासून. जुना सेट घ्या, त्यात नवे सेल घाला. अॅडाप्टर नको, चार्जर नको. बँड मध्यम लहरीवर (एमडब्ल्यू) ठेवा आणि काटा सांगलीच्या आकड्याच्या, म्हणजे 1251 किलोहर्ट्झच्या जवळ, पण जिथे कुठलंच स्टेशन नाही अशा मोकळ्या जागी आणा. आवाज थोडा वाढवा म्हणजे खरखर स्पष्ट ऐकू येईल. आता घरातल्या कुणाला तरी मेन स्विच खाली करायला सांगा. इन्व्हर्टर असेल तर तोही त्याच्या मागच्या बटणाने पूर्ण बंद करा. हे बरेच जण विसरतात. मेन खाली केला की इन्व्हर्टर लगेच चालू होतो आणि तोच सगळ्यात जास्त ओरडत असतो. मग माणूस म्हणतो, लाइट घालवूनही फरक पडला नाही.

सगळं बंद केल्यावर खरखर एकदम खाली बसली, तर चोर तुमच्याच घरात आहे. मग मेन वर करा आणि एकेक एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा त्या त्या भागाचा छोटा स्विच, चालू करत जा. ज्या एमसीबीला खरखर परत येईल त्या खोलीतली एकेक वस्तू बंद करून पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे. घाई करू नका, आणि रेडिओ जागचा हलवू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

जांबोटीच्या वाटेवरच्या एका घरात मी अशीच शोधाशोध केली होती. टीव्ही बंद, फ्रिज बंद, सगळे दिवे बंद, तरी खरखर तशीच. शेवटी घरातल्या आजींनी देवघराचं दार उघडलं. आत गणपतीच्या मागे एक लहानसा लाल एलईडी दिवा, दिवसरात्र चालू. तो विजेवर चालतो हे घरात कुणाच्या ध्यानातच नव्हतं. काढला आणि सेट एकदम मोकळा झाला. आजींना देवापुढे अंधार नको होता, म्हणून तिथे जुन्या पद्धतीचा तारेचा झिरोचा बल्ब लावून दिला. तारेच्या बल्बात इलेक्ट्रॉनिक काहीच नसतं, त्यामुळे तो रेडिओला त्रास देत नाही.

असं का होतं तेही सांगतो. एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, सेटटॉप बॉक्सचा अॅडाप्टर या सगळ्यांच्या आत विजेला सेकंदाला हजारो वेळा तोडून जोडणारं सर्किट असतं. ही तोडजोड साधारण पन्नास हजार ते लाखभर वेळा होते, आणि तिचे पडसाद पुढे पट्टीभर, म्हणजे बरोबर मध्यम लहरीच्या 531 ते 1602 किलोहर्ट्झच्या जागेत उमटतात. चांगल्या मालात ते आतल्या आत अडवायला एक लहान कॉइल आणि कंडेन्सर बसवलेला असतो. स्वस्त मालात नेमकं तेवढंच वाचवतात. ओळखण्याची खूण म्हणजे काटा फिरवताना खरखर एकसारखी नसते. थोड्या थोड्या अंतरावर तिचे उंचवटे लागतात. पंख्याच्या गोल फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा आवाज वेगळा, जाड घरघरीचा. पंखा फुल्लवर केला की तो कमी होतो. तो रेग्युलेटर काढून टप्प्याटप्प्याने फिरणारा, कंडेन्सरवाला बसवा. इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर लाइट गेल्यावर रेडिओ ऐकणं अवघडच. साइन वेव्हचा त्या मानाने बरा.

जी वस्तू बदलता येत नाही तिच्या वायरीवर फेराइटचं कडं घाला. जुन्या कॉम्प्युटरच्या केबलवर टोकाजवळ काळी जाड गाठ असायची, तीच ही. भंगारवाल्याकडे अशा केबली पडलेल्या असतात. गाठ उघडणारी असेल तर चार्जरची वायर तिच्यातून तीन-चार वेढे घेऊन काढा. एकदाच आरपार घातली तर मध्यम लहरीवर फारसा उपयोग होत नाही, वेढे हवेतच.

आता दुसरी शक्यता. घरातलं सगळं बंद केलं तरी खरखर तेवढीच. मग ती बाहेरून येते. तुमच्या भागात दोन गोष्टी मी नेहमी बघतो. पहिली, शेताचं झटका कुंपण. गवे आणि रानडुकरांपायी खानापूर तालुक्यात ते आता जिकडेतिकडे आहे. त्याचा आवाज चुकायचा नाही. सेकंदाला एक अशी घड्याळासारखी टक, टक, टक. कुंपणाच्या तारेला गवत किंवा ओली फांदी चिकटली की तिथे ठिणगी पडते आणि टक मोठी होते. शेजाऱ्याशी भांडू नका. तारेखालचं गवत कापायला सांगा आणि फुटलेले इन्सुलेटर बदलायला सांगा. त्यात त्याचाही फायदा आहे, कारण गळती थांबली की झटका नीट बसतो.

दुसरी गोष्ट विजेच्या खांबाची. सैल झालेला जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा), तडकलेला चिनी मातीचा इन्सुलेटर, तारेवर टेकलेली फांदी. याची खरखर भाजल्यासारखी तडतडणारी असते, आणि वारा सुटला की कमीजास्त होते. सेट हातात घेऊन खांबाखांबाने चालत जा. ज्या खांबाखाली आवाज सगळ्यात वाढेल त्याचा नंबर लिहून घ्या आणि 1912 वर तक्रार नोंदवा. तक्रार करताना "रेडिओ लागत नाही" म्हणू नका, "अमुक नंबरच्या खांबावर ठिणगी पडते" म्हणा. ते खरंही आहे आणि त्याकडे लक्षही दिलं जातं. स्वतः काठी घेऊन फांदी पाडायला मात्र जाऊ नका.

घर शांत झालं की सेटकडे या. आता मी जे सांगतो ते नीट करून बघा, कारण तुमच्या गावाच्या बाबतीत नकाशा अगदी तुमच्या बाजूने आहे.

मध्यम लहरीला सेटवरची ती ओढायची चकचकीत काडी लागत नाही. ती एफएम आणि लघुलहरीसाठी. मध्यम लहर पकडते ती आत आडवी बसवलेली काळी फेराइटची कांडी, तिच्यावर बारीक तारेची कॉइल गुंडाळलेली असते. ही कांडी आपल्या अंगाला काटकोनात असलेल्या दिशेकडून जास्तीत जास्त ऐकते, आणि तिची दोन टोकं ज्या दिशेला असतात तिकडचं जवळजवळ ऐकतच नाही. बहुतेक ट्रान्झिस्टरमध्ये कांडी वरच्या कडेला डावीउजवीकडे, डायलला समांतर असते. म्हणजे सेटचं तोंड किंवा पाठ स्टेशनकडे हवी.

नंदगडहून सांगली सरळ उत्तरेला, 140 किलोमीटरच्या आसपास. धारवाड पूर्वेला, पन्नासेक किलोमीटरवर. पणजी पश्चिमेला, घाटाच्या पलीकडे ऐंशीच्या आसपास. सांगलीचं केंद्र 1963 चं, 20 किलोवॉटचं. धारवाड 765 किलोहर्ट्झवर 200 किलोवॉटने बोलतं, पणजी 1287 वर 100 किलोवॉटने. म्हणजे सगळ्यात दूरचं स्टेशन सगळ्यात कमी ताकदीचं, आणि बाकीची दोन दांडगी आणि जवळची. त्यातून पणजी सांगलीच्या अगदी शेजारी, मध्ये फक्त 36 किलोहर्ट्झ. स्वस्त सेटमध्ये धारवाड पट्टीभर पसरतं आणि पणजी सांगलीवर चढते, ते यामुळे.

पण कांडी पूर्व-पश्चिम ठेवली, म्हणजे सेटचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला केलं, तर सांगली बरोबर काटकोनात येते आणि धारवाड व पणजी दोन्ही कांडीच्या टोकांवर जातात. एका ठेवण्यात तिन्ही कामं होतात. बेळगाव शहरात हे एवढं नेमकं जमत नाही, कारण तिथून धारवाड आग्नेयेला पडतं. तुमच्याकडे जमतं. मी सांगलीसाठी सेट घरात ठेवून देतो तेव्हा जमिनीवर खडूने रेघ मारून देतो, सेट पुसताना हलला तरी परत त्या रेघेवर ठेवायचा. आमच्या भागात सकाळी सांगलीची भक्तिगीतं आणि दुपारी धारवाडचं कानडी ऐकणारी घरं पुष्कळ आहेत. त्यांना मी दोन रेघा मारून देतो. धारवाडसाठी सेट पाव वळसा फिरवला की झालं.

तुमच्या वडिलांचा सेट आता कुठे असतो? माझा अंदाज, स्वयंपाकघरातल्या फडताळात किंवा फ्रिजवर. दोन्ही जागा वाईट. मध्यम लहरीची सांगलीच्या आकड्यावरची लांबी 240 मीटर भरते, आणि स्लॅबमधल्या सळ्यांच्या जाळीतून ती आत नीट शिरत नाही. कौलाखाली हा त्रास नव्हता. म्हणून सेट उत्तरेकडच्या खिडकीत किंवा पडवीत आणा. खिडकीला लोखंडी गज असतील तर गजांपासून हातभर आत. भिंतीत कन्सिल्ड वायरिंग असेल तर त्या भिंतीपासूनही दूर. स्टूल लाकडी घ्या, पत्र्याच्या कपाटावर ठेवू नका.

पुण्याहून आणलेल्या सेटबद्दल स्पष्ट सांगतो. त्यात ब्लूटूथ आहे, पेनड्राइव्ह आहे, टॉर्च आहे, पण अशा बहुतेक सेटमध्ये फेराइटची कांडी करंगळीएवढी असते. जुन्या सेटमध्ये ती वीतभर असायची. कांडी जेवढी मोठी तेवढी लहर जास्त गोळा होते, याला पर्याय नाही. शिवाय तो चार्जिंगला लावून ऐकत असाल तर चार्जरची सगळी घाण थेट आत शिरते. तो सेट गाणी ऐकायला राहू द्या. सांगलीसाठी जुनाच वापरा.

जुना सेट शेतातसुद्धा पूर्वीएवढा मोकळा लागत नसेल तर मात्र उघडून बघण्यासारखा आहे. कॉइल कांडीवर मेणाने चिकटवलेली असते. उन्हात ठेवलेल्या सेटमध्ये मेण वितळतं आणि कॉइल सरकते, मग पट्टीच्या वरच्या किंवा खालच्या टोकाची स्टेशनं मंदावतात. दुसरं, ती तार एकेरी नसते. केसासारख्या सात-आठ तारांचा पीळ असतो, वर रेशमाचं वेष्टण. सोल्डरच्या सांध्याजवळ त्यातल्या दोन-तीन तारा तुटल्या तरी सेट बंद पडत नाही, पण कान मंद होतो. भिंग लावल्याशिवाय हे दिसत नाही. तुटलेली टोकं नुसती डाग देऊन जुळत नाहीत, आधी प्रत्येक तारेवरचं इनॅमल साफ करावं लागतं. हे काम सेटची सवय असलेल्या मेकॅनिककडूनच करून घ्या. मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर कॉइल ओढली गेली की पुन्हा बसवणं कठीण जातं. आत रंगीत डोक्याचे चौकोनी डबे दिसतील, त्यांचे स्क्रू घरी फिरवू नका, एवढी विनंती.

एवढं करूनही सांगली अशक्त असेल, तर लूप, म्हणजे चौकटीवर गुंडाळलेल्या तारेची एरियल, बनवा. बाहेरच्या लांब तारेपेक्षा मी याच्या बाजूचा आहे. तरुणपणी एका घराला मी वीस मीटरची तार गच्चीवरून ओढून दिली होती, आणि ती नकळत विजेच्या सर्व्हिस वायरीला समांतर गेली. स्टेशन वाढलं, पण वायरीतली घरघर त्याहून जास्त वाढली. त्या काकांनी आठवड्यात ती काढून टाकली. लूप घरातच राहतो, आणि कांडीसारखाच दिशा बघून ऐकतो.

लाकडी पट्ट्यांची फुली करा, तिच्या चार टोकांवर तार गुंडाळल्यावर दोन फूट बाजूचा चौकोन होईल अशी. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून इनॅमलची तांब्याची तार आणा आणि 10 ते 12 वेढे घ्या, दोन वेढ्यांत अर्धा सेंटिमीटर जागा सोडून. दोन्ही टोकं जुन्या वॉल्व्हच्या किंवा मोठ्या ट्रान्झिस्टर सेटमधल्या गँग कंडेन्सरला, म्हणजे स्टेशन बदलताना आत फिरतो त्या भागाला, जोडा. बस्स, सेटला कुठलीच वायर जोडायची नाही. लूप उभा ठेवा, त्याची कड सांगलीकडे, म्हणजे चौकट उत्तर-दक्षिण. सेट त्याच्या शेजारी वीतभर अंतरावर, कांडी पूर्व-पश्चिम. सेटवर सांगली मंद का होईना लावा आणि गँग सावकाश फिरवा. एका जागी आवाज एकदम उचलून येतो. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं की कुणीतरी सेट उघडून दुरुस्त केला. जुनी माणसं घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी लावायची, ती तेव्हा चालायची कारण घरात विजेचा एखादाच दिवा असायचा. आज ती पट्टी घरातली सगळी खरखर गोळा करील.

बाहेरची तार लावायचीच झाली तर विजेच्या तारांपासून लांब आणि त्यांना काटकोनात, आणि पावसाळ्यात किंवा वळवाच्या दिवसांत आभाळ गडगडायच्या आधी सेटपासून सोडवून घराबाहेर टाकलेली हवी. घरातल्या प्लगच्या अर्थिंगला रेडिओ कधी जोडू नका.

संध्याकाळनंतर सांगलीवर दुसरीच स्टेशनं येतात, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तो बिघाड नाही. दिवसा वरच्या हवेचा एक थर मध्यम लहर शोषून घेतो, सूर्य मावळला की तो विरतो आणि शेकडो किलोमीटरवरची स्टेशनं वरून परतून खाली येतात. लूप फिरवून थोडं कमी करता येतं, पूर्ण नाही. पहाटेची वेळ मात्र उजाडत जाईल तशी सुधारत जाते.

निपाणी-चिकोडीकडच्या कुणी हे वाचत असेल तर तुमचा मार्ग वेगळा आणि सोपा. कोल्हापूरचं एफएम 102.7 मेगाहर्ट्झवर आहे आणि निपाणीहून कोल्हापूर जेमतेम 40 किलोमीटर. जुन्या टीव्हीची चपटी पट्टी वायर घ्या, टोकाकडून 70 सेंटिमीटरपर्यंत मधून फाडा, दोन हात इंग्रजी टी अक्षरासारखे आडवे पसरून उंच खिडकीत लावा, पसरलेली बाजू कोल्हापूरकडे. एक तार सेटच्या काडीला, दुसरी सेटच्या सेलच्या ऋण टोकाला. खानापूरच्या डोंगराळ भागात हे सांगत नाही, कारण एफएमची लहर नजरेच्या रेषेत चालते आणि मध्ये डोंगर आला की थांबते.

एक गोष्ट लक्षात असू द्या. प्रसार भारतीने गेल्या काही वर्षांत मध्यम लहरीची बरीच प्रक्षेपणं बंद केली आहेत. एखाद्या दिवशी शेतातसुद्धा काही लागलं नाही, तर सेट उघडण्याआधी केंद्राला फोन करून विचारा. डीडी फ्री डिशवर आकाशवाणीच्या वाहिन्या आहेत, मोबाइलला रेंज असेल तिथे न्यूजऑनएअर अॅप आहे, तेही घरात लावून ठेवा. पण वडिलांच्या हातातला काटा फिरवायचा सेट काढून घेऊ नका. लाइट आणि रेंज दोन्ही जातात त्या आषाढाच्या दिवसांत दोन सेलवर बोलणारी तीच एक वस्तू घरात उरते.

आता पहिलं काम मेन स्विचचं. इन्व्हर्टरसकट सगळं बंद केल्यावर खरखर कमी झाली का, आणि सेटचं तोंड उत्तरेला केल्यावर धारवाड किती मंदावलं, एवढ्या दोन गोष्टी मला कळवा. लूपचे वेढे किती घ्यायचे ते तुमच्याकडे गँग कुठला मिळतो ते बघून सांगेन.